नवे साधन आणि शेजारचा वर्ग : मद्रासच्या शाळांतील तीन प्रयोग

शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडून राहिलेली शिक्षणसाधने पुष्कळांच्या पाहण्यात असतात. नकाशे गुंडाळलेले राहतात, विज्ञानाच्या पेटीवरील लाख फुटत नाही, चित्रपट दाखविण्याचे यंत्र वर्षातून एकदा झाडले जाते. अलीकडच्या काळात त्यांच्या जोडीला संगणक व पडदा यांची भर पडली आहे. साधन नादुरुस्त असते असे नाही, आणि शिक्षक आळशी असतो असेही नाही. बहुतेक वेळा अडचण निराळीच असते. ते साधन घेऊन चाळीस मुलांपुढे उभे राहिल्यावर नेमके काय करावयाचे, हे शिक्षकाने कोणाला करताना पाहिलेलेच नसते.

नवे साधन वापरण्यास शिक्षक कोणाकडून शिकतो, हा या पाठाचा विषय आहे. त्याचा विचार करण्यास मद्रास हे फार सोयीचे शहर आहे. १९९६ पासून चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या अवधीत असे तीन प्रयोग झाले की, ज्यांचा परिणाम शहराच्या सीमेबाहेर दूरवर पोहोचला. पहिल्यात साधन होते वाळू, दुसऱ्यात लाकडी ठोकळे व खरखरीत कागदाची अक्षरे, तिसऱ्यात पुठ्ठ्याची कार्डे. तिन्ही साधने साधी आहेत. म्हणूनच साधनाचा प्रश्न कोठे संपतो आणि शिक्षकाचा प्रश्न कोठे सुरू होतो, हे त्यांत स्वच्छ दिसते.

१. एग्मोरची वाळू

इ. स. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात लष्करातील युरोपीय शिपायांच्या अनाथ व निराधार मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू झाली. तिची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पत्करली. शाळेत काही पगारी शिक्षक होते. परंतु लहान मुलांना मुळाक्षरे शिकविण्यातच महिनेच्या महिने जात.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फिरत असता बेल यांनी एक देशी शाळा पाहिली. तीस त्यांनी ‘मलबारी’ शाळा म्हटले आहे. त्या काळी युरोपीय लोक तमिळ भाषकांनाही याच नावाने ओळखत. मुले जमिनीवर बसली होती, पुढ्यात वाळू पसरली होती आणि बोटाने ती वाळूत अक्षरे काढीत होती. अक्षर चुकले की तळहात फिरवावा आणि पुन्हा काढावे. कागद नको, शाई नको, चुकीचा डागही मागे उरत नाही.

मराठी वाचकास यात नवल वाटणार नाही. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत मुलाचा आरंभ धूळपाटीवरच होत असे, आणि ‘धुळाक्षरे गिरविणे’ हा शब्दप्रयोग आजही कोणत्याही विद्येच्या प्राथमिक पायरीसाठी वापरला जातो. पिएत्रो देल्ला व्हाले या इटालियन प्रवाशाने १६२३ मध्ये कर्नाटकातील इक्केरी येथे देवळाच्या ओसरीत काही मुले वाळूवर बोटाने अंक लिहीत, तो पाठ एका सुरात म्हणत बसलेली पाहिली होती. त्यांच्याजवळ गुरुजी नव्हते. मुले परस्परांच्या साहाय्याने उजळणी करीत होती. तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या ‘तिण्णै’ शाळांतही थोरल्या विद्यार्थ्याने धाकट्यास शिकवावे अशी रूढी होती. वर्गाच्या अशा प्रमुखास ‘सट्टांपिळ्ळै’ म्हणत. बेल यांनी जे पाहिले ते या जुन्या परंपरेतील एक दृश्य होते.

शाळेत परतून बेल यांनी सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकास वाळूवर मुळाक्षरे शिकविण्यास सांगितले. शिक्षकाने ते केले नाही. हे होणे शक्य नाही, असेच त्याचे म्हणणे पडले. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलास बोलाविले, त्यास रीत समजावून दिली आणि तो वर्ग त्याच्या हवाली केला. पगारी शिक्षकास जे अशक्य वाटले ते त्या मुलाने करून दाखविले. पुढे शाळेतील बहुतेक वर्ग मुलांच्याच हाती देण्यात आले. १७९६ मध्ये बेल मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. ‘मद्रास पद्धती’ हे नाव त्यातून रूढ झाले. जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनमध्ये अशाच प्रकारची शाळा चालविली होती. १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने बेल यांची पद्धती इंग्लंडभर पसरविली.

२. तो शिक्षक का शिकला नाही?

ही कथा सामान्यतः बेल व फ्रिस्केन यांची म्हणून सांगितली जाते. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र क्षणभर त्या नाव न उरलेल्या शिक्षकाकडे वळून पाहावे. त्यास हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्या बाजूने काही गोष्टी सांगता येतात.

पहिली गोष्ट अशी की, ते दृश्य बेल यांनी पाहिले होते, शिक्षकाने पाहिले नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचली ती केवळ आज्ञा. वाळू किती जाड पसरावी, एका वेळी किती अक्षरे द्यावी, पहिले मूल लिहीत असता दहाव्याने काय करावे, याची उत्तरे आज्ञेत नसतात. ती चालत्या वर्गात असतात. दुसरी गोष्ट अशी की, त्याच्याजवळ शिकविण्याची एक रीत आधीच होती. नवी रीत घ्यावयाची म्हणजे जुनी सोडावी लागते, आणि सोडताना काही दिवस वर्ग विस्कटतो. तो विस्कटलेला वर्ग अधिकाऱ्यास दिसेल, ही भीती शिक्षकास असते. आठ वर्षांच्या मुलाजवळ सोडण्यासारखे काही नव्हते, आणि गमावण्यासारखेही काही नव्हते.

यावरून बेल यांनी असा निष्कर्ष काढला की, पगारी शिक्षकांवाचूनही शाळा चालू शकते. वर एक देखरेख करणारा असला की पुरे. एकच शिक्षक शेकडो मुलांना पुरतो, हा हिशेब इंग्लंडमधील धनिकांस व धर्मसंस्थांस फार पटला. परंतु पद्धती जसजशी पसरली, तसतशी ती यंत्रवत झाली. घंटा, हुकूम, रांगा आणि पाठांतर एवढेच पुष्कळ ठिकाणी उरले. स्वतःस नुकतेच समजलेले मुलगा दुसऱ्या मुलास सांगे. ते का तसे आहे हे सांगणारा कोणी नसे. १८४६ पासून इंग्लंडमध्ये शिकाऊ शिक्षकांची व्यवस्था सरकारने सुरू केली. तीत होतकरू मुलाने अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करावयाची असे. ज्या मधल्या माणसास मद्रास पद्धतीने वगळले होते, त्यास अशा रीतीने पुन्हा आत घ्यावे लागले.

३. अड्यार येथील ठोकळे आणि अक्षरे

दुसरा प्रयोग याच शहराच्या दक्षिण भागातील. नोव्हेंबर १९३९ मध्ये मारिया मॉंटेसोरी आपले पुत्र मारिओ यांच्यासह मद्रासला आल्या. अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात त्यांनी भारतातील आपला पहिला प्रशिक्षणवर्ग चालविला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे तीनशे विद्यार्थी त्यासाठी जमले होते. पुढे इटली युद्धात उतरली तेव्हा, १९४० मध्ये, ब्रिटिश सरकारने मारिओ यांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत काही काळ स्थानबद्ध केले. मारिया मॉंटेसोरी मात्र १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या आणि प्रशिक्षणाचे कार्य चालू राहिले.

मॉंटेसोरी पद्धतीत साधनांस मोठे स्थान आहे. लहानमोठे दट्टे बसविण्याचे लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, आणि खरखरीत वाळूकागदाची कापून पाटीवर चिकटविलेली अक्षरे. या अक्षरांवरून मूल बोट फिरवते. डोळ्यांनी आकार पाहते, बोटांस त्याचे वळण कळते आणि त्याच वेळी कानांवर त्याचा उच्चार पडतो. एग्मोरच्या वाळूत बोट अक्षर घडवीत होते. येथे घडलेले अक्षर बोटास वळण लावते. तत्त्व परस्परांच्या फार जवळचे आहे.

निराळी आहे ती शिक्षकाची तयारी. या पद्धतीत शिकणाऱ्या शिक्षकास प्रत्येक साधन स्वतःच्या हातांनी वारंवार हाताळावे लागते. ते कसे मांडावे, मुलापुढे कसे ठेवावे, कोणती हालचाल सावकाश करावी, याची सचित्र टिपणवही त्यास स्वतः तयार करावी लागते. त्याखेरीज तासन्‌तास वर्गाच्या कडेला बसून, मध्ये न बोलता, मुलांकडे व शिकविणाऱ्या शिक्षकाकडे पाहावे लागते. एग्मोरच्या शिक्षकास जे मिळाले नव्हते ते हेच.

असे शिकलेले शिक्षक साधनाचे गुलाम होत नाहीत, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचे कार्य सुरू केले. मॉंटेसोरींच्या तत्त्वांचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना महागडी साधने परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखले. बिया, खडे, शिंपले, पाने यांपासून त्यांनी साधने घडविली. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्या शेजारी राहून काम करीत शिकल्या आणि ताराबाईंच्या पश्चात त्यांनीच ते कार्य वाढविले. लाकडी ठोकळ्याच्या जागी शिंपला आला, तरी त्याचे प्रयोजन बदलले नाही. कारण ठोकळा कशासाठी होता हे शिकविणारीस ठाऊक होते.

४. चेन्नई महापालिकेच्या तेरा शाळा

तिसरा प्रयोग अलीकडचा. २००३ मध्ये चेन्नई महापालिकेचे आयुक्त एम. पी. विजयकुमार होते. महापालिकेच्या प्राथमिक शाळांत बहुधा गरीब वस्त्यांतील मुले येत. एकाच खोलीत निरनिराळ्या कुवतीची मुले, हजेरी अनियमित. आजारपणामुळे आठवडाभर घरी राहिलेले मूल परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असे.

या अडचणीवर एक उत्तर आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळील ऋषी व्हॅली येथे तयार झाले होते. तेथील ग्रामीण शिक्षणकेंद्रात पद्मनाभ राव व रमा राव यांनी एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची पद्धती बसविली होती. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडावयाचे, प्रत्येक टप्प्याची कार्डे करावयाची, आणि भिंतीवर त्या सर्वांची एक शिडी काढून ठेवावयाची. मूल शिडीवर आपण कोठे आहो ते पाहते, त्या पायरीचे कार्ड घेते, पुरे करते आणि पुढे जाते. गैरहजर राहिलेले मूल जेथे थांबले होते तेथूनच सुरुवात करते. १९९५ मध्ये कर्नाटकातील हेग्गडदेवनकोटे तालुक्याच्या शिक्षकांनी ही पद्धती तेथे जाऊन पाहिली आणि ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शिकणे, या नावाने आपल्या शाळांत आणली.

चेन्नईतही हाच मार्ग धरला गेला. महापालिकेचे शिक्षक ऋषी व्हॅलीस गेले. तेथील वर्ग त्यांनी चालता पाहिला, परत येऊन तमिळ पाठ्यक्रमाची कार्डे तयार केली आणि प्रथम तेरा शाळांत पद्धती सुरू केली. या शाळा इतर शिक्षकांसाठी पाहण्याच्या शाळा ठरल्या. काही काळातच पद्धती महापालिकेच्या सर्व प्राथमिक शाळांत गेली आणि २००७-०८ च्या सुमारास तमिळनाडूतील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली.

अशा वर्गात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या शिक्षकास गोंधळल्यासारखे होते. मुले चटयांवर गोलाकार बसलेली असतात, आणि शिक्षकही त्यांच्यात जमिनीवरच बसलेला असतो. भिंतींच्या तळाशी मुलांच्या उंचीचे काळे फळे रंगविलेले असतात व त्यांवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मुलांनी केलेली चित्रे व लिहिलेले कागद डोक्यावर ताणलेल्या तारांना टांगलेले असतात. कार्डांवरील प्राणी-पक्ष्यांची चिन्हे पाहून पुढची पायरी कोणती ते मूल ओळखते. एक गट पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीने शिकतो, दुसऱ्यास थोडी मदत लागते, तिसरा सोबत्यांकडून शिकतो, चौथ्यातील मुले एकटीच काम करतात. वर्गात सतत हलका गलबला असतो.

नव्या शिक्षकाचे खरे प्रश्न येथेच उद्भवतात. या गटांपैकी आपण कोणाजवळ बसावयाचे? एखादे मूल सोपे कार्डच पुन्हा पुन्हा घेत असेल तर काय करावे? दोन मुलांना एकच कार्ड हवे असेल तर? कार्ड पुरे झाले, पण समजले नाही, हे कसे ओळखावे? कामाचा गलबला आणि रिकामा गोंगाट यांतील भेद कानास कसा कळावा? हस्तपुस्तिकेत यांची उत्तरे फार तर एका ओळीत लिहिता येतील. शेजारच्या वर्गात तासभर बसले, तर तीच उत्तरे दहा वेळा घडताना दिसतात.

५. हस्तांतर होताना काय हरवते

प्रत्येक साधनाचे दोन भाग मानता येतील. एक दृश्य भाग : वाळू, ठोकळा, कार्ड, पडदा. दुसरा अदृश्य भाग : ते केव्हा काढावे, कोणत्या मुलाला द्यावे, केव्हा बाजूस ठेवावे याचा निर्णय. दृश्य भाग गाडीत घालून हजारो शाळांत पोहोचविता येतो. अदृश्य भाग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, आणि तोही सावकाशच जातो.

तेरा शाळांत हे दोन्ही भाग एकत्र होते, कारण कार्डे ज्यांनी केली तेच शिक्षक ती वापरीत होते. पद्धती सर्व राज्यात नेताना हे प्रमाण टिकणे कठीण होते. काही ठिकाणी ती उत्तम चालली. काही ठिकाणी मुले कार्डामागून कार्ड उरकीत राहिली आणि शिक्षक केवळ नोंदी करीत राहिला. फाटलेली वा हरवलेली कार्डे पुन्हा मिळेनात, अशा तक्रारी झाल्या. मुले जमिनीवर बसतात, पुस्तक दिसत नाही, तेव्हा शिकविले जाते की नाही, अशी शंका पालकांना येई. पुढे पद्धतीत फेरबदल झाले. महासाथीनंतर, २०२२ मध्ये, तमिळनाडूने प्राथमिक वर्गांसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’, म्हणजे ‘अंक आणि अक्षर’, हा नवा कार्यक्रम आणला. त्यात मुलांचे गट अरुंबु, मोट्टु व मलर, म्हणजे कोवळी कळी, टपोरी कळी व फूल, अशा नावांनी पाडले जातात. मूल जेथे आहे तेथून पुढे न्यावे, हे जुने सूत्र त्यात ओळखू येते.

महाराष्ट्रातील अनुभवही असाच बोलका आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये जाहीर झाल्यावर या भेटींना वेग आला. त्यानंतर अनेक गावांतील शाळांच्या फरशांवर अक्षरे, अंक, तक्ते रंगविलेले दिसू लागले. ज्या शिक्षकाने कुमठ्यास मुलांना त्या आकृत्यांवर काम करताना पाहिले, त्याच्या शाळेत फरशी शिकवू लागली. ज्याने केवळ छायाचित्र पाहून रंग दिला, त्याच्या शाळेत ती शोभेची रांगोळी ठरण्याचा धोका होता.

६. शेजारच्या वर्गातून शिकण्याची रीत

या निष्कर्षास इतरत्रही आधार आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षकप्रशिक्षणाचा अभ्यास करून दाखविले की, व्याख्यान व प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाचे ज्ञान वाढते. परंतु ते रोजच्या वर्गात उतरण्यासाठी सहकाऱ्याची सोबत लागते. जपानमधील शाळांत पाठ-अभ्यासाची जुनी प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो वर्गात घेतो, इतर जण मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सर्व जण एकत्र बसून चर्चा करतात. चर्चा पाठाविषयी असते, शिक्षकाच्या गुणदोषांविषयी नसते.

आपल्या शाळांत हे करण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. महाराष्ट्रात केंद्रपातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकास दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा सांगितली आहे. त्यांपैकी काही तास शेजारच्या शाळेतील चालत्या वर्गात घालविता येतील. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल :

(१) एका वेळी एकच साधन व एकच पाठ निवडावा.
(२) पाहणाऱ्याने साधनाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. विशेषतः अडलेल्या मुलाकडे, आणि त्या वेळी शिक्षक काय करतो तिकडे.
(३) आठवड्याच्या आत तोच पाठ आपल्या वर्गात घ्यावा व ज्याच्याकडून शिकलो त्यास पाहावयास बोलवावे.
(४) पहिला प्रयत्न फसणार असे धरून चालावे. मुख्याध्यापक व पर्यवेक्षक यांनी त्या दिवसाची नोंद शिक्षकाविरुद्ध करू नये.
(५) जे साधन आपल्या गावात मिळत नाही त्याचे प्रयोजन ओळखून बदली वस्तू शोधावी.

यांतील चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. एग्मोरच्या शिक्षकास वाळू मिळाली होती, आज्ञाही मिळाली होती. त्यास कोणी त्या देशी शाळेत नेले असते, तेथील गुरुजींजवळ चार दिवस बसविले असते आणि परतल्यावर चुकण्याची मोकळीक दिली असती, तर कदाचित तोही शिकला असता. आज वाळूच्या जागी प्रकाशमान पडदा आला आहे. त्यास हात लावावयास कचरणारा शिक्षक प्रत्येक शाळेत एक तरी असतो. त्याच्या पदरी ठपका टाकण्यापूर्वी सहकाऱ्याने आपल्या वर्गाचे दार त्याच्यासाठी उघडे ठेवावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या शाळेत न वापरलेले एखादे साधन आहे काय? ते वापरणारी सर्वांत जवळची शाळा कोणती?
२. धूळपाटी, वाळूकागदाचे अक्षर व कार्ड या तीन साधनांत मूल स्वतःची चूक कशी ओळखते, ते लिहा.
३. तुम्हांस चांगले येणारे एक साधन निवडा. ते सहकाऱ्यास शिकविताना त्याचा कोणता भाग शब्दांत सांगता येईल व कोणता करूनच दाखवावा लागेल?